मिस थत्ते यांचा तेरावा भाग

विश्रामबाग, सांगली
गुरुवार, २८ ऑगस्ट २०२५

श्री. उदयसिंह नाथाजी साळुंखे, सुभेदार (निवृत्त), पाटण, जि. सातारा, यांस सप्रेम नमस्कार.

मी, जयपाल देवगोंडा मगदूम, वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, विश्रामबागेतील एका शिक्षणसंस्थेचा कार्यालय अधीक्षक, हे पत्र दोन हेतूंनी लिहीत आहे. आपले आभार मानावयाचे आहेत आणि आपली क्षमा मागावयाची आहे. आपण मला शाळेच्या वयापासून ओळखता. तरीही हा परिचय लिहिला, कारण गेली अकरा वर्षे आपल्यात संभाषण नाही, आणि मध्यंतरी मी कोण होतो हे मलाही नव्याने तपासावे लागले आहे.

दरवर्षी आम्हा जैनांचे दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी मी आपणांस कार्ड पाठवीत आलो. ‘कळत नकळत आमच्याकडून काही चूक झाली असल्यास उदार मनाने क्षमा करावी’ हा मजकूर छापील असे. खाली माझी सही. ही कार्डे मी एकशे चाळीस जणांना पाठवतो. आपले एकदाच उत्तर आले, तिसऱ्या वर्षी, पोस्टकार्डावर: “कार्ड मिळालं. कशाबद्दल माफी ते छापलेलं न्हाई.” ते पोस्टकार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. माझ्याकडे येणारे लोक ते वाचतात आणि विचारत नाहीत.

आता हे पत्र याच वर्षी का, ते सांगतो.

माझी कन्या ब्राह्मी पुण्यात नोकरीस असते. तिने जून महिन्यात मला एक दुवा पाठवला. कोणा हौशी संग्राहकाने ‘मिस थत्ते’ या जुन्या मालिकेचे तेराही भाग इंटरनेटवर ठेवले आहेत. चित्र पावसासारखे हलते, आवाज पिंपातून येतो, पण बाई त्याच आहेत. गिरगावात घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची कचेरी, दोरी लावलेला चष्मा, काखेत छत्री, आणि संशयिताशी बोलताना पेन्सिल टेबलावर उभी करण्याची ती सवय. ती पेन्सिल पडली की समोरचा खोटे बोलत आहे, असे आपण दोघांनी ठरवले होते. मालिकेत तसे कोठेही म्हटलेले नाही. मी आता तपासले.

मी शिस्तीने दर रविवारी एक भाग पाहिला. गेल्या रविवारी, चोवीस तारखेला, तेरावा पाहिला. चाळीस वर्षांत प्रथमच.

आपणांस आठवत असेल, १९८५ साली तेरावा भाग लागला तो नेमका आमच्या दशलक्षणात. आईच्या सांगण्यावरून मी मंदिरात नियम घेतला होता: दहा दिवस टीव्ही पाहणार नाही. नियम घेताना शेवटचा भाग त्यात येतो हे माझ्या ध्यानात आले नाही. ही माझी पहिली हिशेबी चूक. आपल्या शेजारशेजारच्या दोन्ही घरांत मिळून एकच टीव्ही होता, तो आपला. नाथाजीकाकांनी मिलिटरी कँटीनमधून आणलेला. आपण मला शब्द दिलात: “मी बघतो, आन् तुझा नियम सुटला की सगळं सांगतो. एक वाक्य गाळणार न्हाई.” त्या दिवसांत शाळेत कोणी त्या मालिकेचे नाव काढले की मी कान झाकून बाजूला होत असे, आणि आपण त्या मुलास दम भरत असा.

क्षमावाणीच्या दिवशी आपण आमच्या खोलीच्या पायरीवर बसून तेरावा भाग सांगितलात. तासभर, हातवाऱ्यांसह. बाराव्या भागाच्या शेवटी मिस थत्ते यांना तिजोरीजवळ आपलेच वृद्ध कारकून नायरबाबू यांची छत्री सापडते, तेथून पुढे. आपल्या सांगण्यानुसार बाई चहाचा एक घोट घेतात, छत्री उचलतात आणि कोणालाही न विचारता थेट पोलिसांत जातात. नायरबाबू पळतात. फौजेची जीप येते. आरोपी उसाच्या फडात सापडतो.

मी त्या वेळी विचारले होते, “गिरगावात ऊस कुठला?”

“आरं, पळत पळत चोर कुठवर जाईल? कराडपातुर आला त्यो.”

“एका भागात?”

“तेरावा भाग लांब हुता लय.”

मी समाधान पावलो. ज्या माणसाला आज कार्यालयात सुटे स्वल्पविरामही दिसतात, त्याने चाळीस वर्षे तो ऊस तसाच उभा राहू दिला.

उदयसिंह, तेराव्या भागात जीप नाही. ऊस नाही. पोलीसही नाहीत. आपण सांगितलेले जवळजवळ काहीही त्यात नाही. मग आपण काय पाहिले होते, हे मला समजत नाही. आजपासून पर्व सुरू झाले आहे आणि माझा टीव्ही नेहमीप्रमाणे बंद आहे, म्हणून पुन्हा पाहून खात्री करता येत नाही. चौकशी करून पुन्हा लिहीन.

आपला,
जयपाल मगदूम

विश्रामबाग, सांगली
सोमवार, १ सप्टेंबर २०२५

प्रिय उदयसिंह,

मागील पत्रात मी तुला ‘आपण’ म्हटले. ते आता हातून होत नाही.

काल तुझ्या बहिणीला, क्रांतीला, साताऱ्यास फोन केला. १९८५ साली ती आठ वर्षांची होती, तरी माझ्याहून तिला अधिक आठवते. तिचे शब्द मी ऐकता ऐकता टिपून घेतले, ते जसेच्या तसे देतो:

“जयपालदादा, आमी समदी आत टीव्हीम्होरं बसलेली, आन् दादा भायेर पायरीवर, पाठ करून. आई म्हनली, आरं उद्या, तुझी ती छत्रीवाली आली बघ. तर म्हनला, जयपालचा नियम हाय, त्यो सुटला की दोघं मिळून बघू. आई म्हनली, येडा हाईस का, ती काय तुमच्यासाठनं परत लागती व्हय? तरी उठला न्हाई. मग दुसऱ्या दिशी माझ्या मागं लागला, काय झालं सांग म्हनून. आईला हिंदी कळत न्हवतं आन् मी निम्म्यात झोपलेले. मी म्हनलं, एक छत्री हुती आन् बाई चहा पीत हुती. झालं.”

एक छत्री आणि चहा. एवढ्या सामग्रीवर तू मला तासाभराचा भाग दिलास.

तुझ्या घरी नियम नव्हता, पर्व नव्हते, कोणी तुला अडवले नव्हते. बारा आठवडे तू त्या भागाची वाट पाहिली होतीस. माझ्याहून जास्त, कारण बाराव्या भागानंतर तू नायरबाबूंवर आपला भोवरा पैजेला लावला होतास. मी मंदिरात हात जोडून, सर्वांसमक्ष, कौतुकाचे चार शब्द घेऊन नियम धरला. तू पायरीवर बसून धरलास आणि चाळीस वर्षे सांगितले नाहीस. याबद्दल आभार कसे मानावेत याचा नमुना माझ्याजवळ नाही. मी तुझा ऋणी आहे, एवढे साधे लिहितो.

आता चूक. या वेळी नाव घेऊन.

फौजेतून निवृत्त झाल्यावर तू आमच्या संस्थेत सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून लागलास. शिफारस माझी होती. परीक्षा विभागाच्या खोलीभोवती दर तासाला फेरी मारून फेरीवहीत सही करावयाची, हे काम. दिनांक २२ जानेवारी २०१४ रोजी चार आणि पाच वाजताच्या रकान्यांत तुझ्या सह्या होत्या. त्या माझ्या पेनाच्या निळ्या-काळ्या शाईत होत्या. ते पेन मी वहीजवळ विसरलो होतो आणि साडेतीनला येऊन खिशात घातले होते. म्हणजे चार आणि पाचच्या सह्या साडेतीनच्या आधी केलेल्या होत्या. दोन तास तू जागेवर नव्हतास.

हे शोधल्याचा मला आनंद झाला होता, उदय. हे मी आजवर कोणाजवळही कबूल केलेले नाही. पेन्सिल टेबलावर उभी करून पाहिल्यासारखे वाटले.

त्या संध्याकाळी तू फाटकापाशी उभा होतास. मी तुझ्यासमोरून गेलो. तू म्हणालास, “काय रं, आज लवकर?” मी म्हणालो, “काम होते.” काम म्हणजे बगलेतील तो अहवाल. तुला एका शब्दाने विचारले नाही. विचारायचे नाही हे मी ठरवले होते, कारण माझ्या नववीच्या वहीत, सुवाच्य अक्षरात, मिस थत्ते यांच्या, तू सांगितलेल्या तेराव्या भागातील एक वाक्य लिहिलेले आहे आणि मी त्यावर आयुष्यभर चाललो: ‘आपल्या माणसास आधी विचारले, की पुरावा मरतो.’

खोली सुरक्षित होती. काही हरवले नव्हते. तुझी नोकरी गेली, कागदावर ‘कर्तव्यात कसूर’ असा शेरा पडला, आणि त्या शेऱ्यामुळे तुला पुढे कोठेही ते काम मिळाले नाही, हे मी नंतर ऐकले. तू पाटणला परत गेलास. अहवालातील एकही वाक्य खोटे नव्हते. त्या आधारावर मी अकरा वर्षे बरी झोप घेतली.

आता खरा तेरावा भाग सांगतो. छत्री सापडल्यावर मिस थत्ते पोलिसांत जात नाहीत. त्या नायरबाबूंच्या घरी जातात. बिऱ्हाड दोन खोल्यांचे आहे. नायरबाबू चहा करतात. बाई छत्री त्यांच्यासमोर ठेवतात, पेन्सिल पर्समध्ये घालतात आणि म्हणतात, “पहले आप बताइए.” त्यानंतर जवळजवळ चार मिनिटे फक्त नायरबाबू बोलतात. बाई एकदाही मध्ये बोलत नाहीत. शेवटी दोघे मिळून जिना उतरतात आणि चौकीकडे चालत जातात. छत्री एकच, ती नायरबाबूंच्या हातात.

गैरसमज नसावा. चौदा वर्षांच्या मुलाने मित्रासाठी रचलेल्या गोष्टीला मी माझ्या कृत्याचा दोष देत नाही. गोष्ट तुझी होती, उपयोग माझा होता. त्रेचाळिसाव्या वर्षी मला ते वाक्य हवे होते, कारण विचारणे अवघड होते आणि लिहिणे सोपे.

तर चूक ही: मी तुला विचारले नाही. क्षमा असावी.

तुझा,
जयपाल

पाटण
४ सप्टेंबर

जयपाल,

तुझी दोन पत्रं गौरी-गणपतीच्या गडबडीत आली. सणाला आलेल्या माझ्या पोरीनं, शिवांजलीनं, वाचून दाखवली. चष्मा असून मी वाचली न्हाईत, कारण तुझं अक्षर बघितलं की मला अजून हजेरी लागल्यागत वाटतं.

क्रांतीला गप बसवत न्हाई. तिला काय सांगायचं ते मी सांगीन.

चूक कोणची ते कळलं. झ्याक लिवलंस. शाईचा रंग लिवलास, वाजलेले किती ते लिवलंस. पण गड्या, एवढं सगळं लिवलंस आन् अजून इचारलं न्हाईसच. दोन पत्रांत कुठंबी न्हाई. मी दोनदा वाचायला लावलं.

सोमवारी तुमची क्षमावाणी. कार्ड धाडू नकोस, ये. घरात कांदा-लसूण बंद ठेवायला सांगितलाय. दिवस मावळायच्या आत ताट वाढू, काळजी नको.

आन् त्यो तेरावा भाग मोबाइलात घिऊन यिऊ नकोस. मी बघनार न्हाई. माझा चांगला हाय.

उदय

विश्रामबाग, सांगली
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

प्रिय उदय,

काल तुझ्या घरी जे झाले ते तुला ठाऊकच आहे. तरीही लिहितो. लिहिल्याशिवाय एखादी गोष्ट झाली असे मला वाटत नाही, हा माझा जुना दोष आहे आणि तो मी या पत्रापुरता वापरून घेतो.

पाटणच्या स्टँडवर शिवांजली घ्यायला आली होती. तिला मी शेवटची पाहिली तेव्हा ती शाळेच्या गणवेशात होती. आता म्हसवडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि कालच्यासाठी रजा काढून आली होती. वाटेत म्हणाली, “काका, बाबांनी सकाळपासून तीनदा दाढी केली.” तू ओट्यावर उभा होतास. दाढी एकदाच केलेली होती, पण दोन ठिकाणी कापले होते.

मी वाक्य तयार करून आणले होते. बसमध्ये पाठ केले होते. तुझ्यासमोर ते आले नाही. पाण्याचा तांब्या हातात असतानाच विचारले, “त्या दिवशी चार वाजता कुठे होतास?”

तू शिवांजलीकडे बोट केलेस. “हिची शर्यत हुती. आठशे मीटर. शाळेच्या मैदानावर.”

“शर्यत?”

“फौजेत असताना हिचं एक बारसं सोडलं तर काय बघितलं न्हवतं मी. शब्द दिल्याला.”

“मग? जिंकली?”

“चौथी आली,” तू म्हणालास, आणि ज्या आवाजात म्हणालास त्यावरून कोणालाही पहिली आल्यासारखे वाटले असते.

“तिसऱ्या नंबरच्या पोरीनं लाइन सोडली हुती,” शिवांजली स्वयंपाकघरातून म्हणाली. “अजून म्हणते मी.”

मी विचारले, रजा का मागितली नाहीस? अर्ध्या दिवसाची तर हवी होती. तेव्हा तू हसलास, काल प्रथमच. “तुला मागायची, म्हंजे अर्ज. अर्ज आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत. कुणी केला हुता रं त्यो नियम?”

तो नियम मी केला होता. फलकावर सहीसुद्धा माझीच होती. पोरीने शर्यतीचे तुला आदल्या संध्याकाळी सांगितले, त्यामुळे अर्जाची वेळ टळून गेली होती. सायंकाळी फाटकापाशी तू माझी वाट पाहत उभा होतास, तोंडाने सांगण्यासाठी. ‘काय रं, आज लवकर?’ ही त्याची सुरुवात होती. हे काल कळले.

तू आणखी म्हणालास, आणि हे वाक्य मी नववीच्या वहीत लिहिणार आहे: “इचारलं असतंस तर सांगितलं असतं. सह्या खोट्याच हुत्या की. शिक्षा बी घेतली असती. पर तुझ्या तोंडानं घेतली असती.”

  मग आपण तुझ्या आईच्या, शालूकाकूंच्या, तसबिरीखाली बसलो आणि तू क्रांतीच्या लहानपणच्या चहाड्या सांगत राहिलास.

साडेपाचला ताट आले. घेवडा, भाकरी, मुगाची आमटी. बटाटासुद्धा नव्हता. मी घड्याळाकडे पाहिले नाही. ताट येईपर्यंत सूर्य कोठे आहे हे तूच तीनदा बाहेर जाऊन पाहून आलास. शिवांजली म्हणाली, “बाबा, तो काही पळून जात न्हाई.” तू म्हणालास, “गप. ह्याचा नियम हाय.” ते शब्द तू १९८५ सालीही म्हणाला होतास, पायरीवरून, आणि मी ते ऐकले नव्हते. काल ऐकले.

जेवण झाल्यावर तू पत्र्याचा डबा आणलास. त्यात माझी अकरा कार्डे होती, वर्षवार लावलेली. मी म्हणालो, एकही फाडले नाहीस? तू म्हणालास, “फाडायला तरी कायतरी लिवल्यालं पायजे.” ती मी परत मागितली आणि तू दिली नाहीस. हक्क तुझा आहे.

एक गोष्ट तुझ्या मर्जीविरुद्ध केली आहे, ती सांगतो. आज सकाळी संस्थेस पुरवणी टिपण दिले: दि. २२ जानेवारी २०१४ च्या अहवालापूर्वी मी संबंधितास विचारले नव्हते. काल विचारले असता त्याने अनुपस्थिती मान्य केली व कारण सांगितले. रजेच्या नियमात तोंडी सूचनेची सोय नव्हती, तो दोष नियम करणाऱ्याचा. सबब ‘कर्तव्यात कसूर’ या शेऱ्याचा फेरविचार व्हावा. प्रत सोबत आहे. काल तू म्हणाला होतास, “ह्या वयात त्याचं काय लोणचं घालू?” घालू नकोस. डब्यात कार्डांखाली ठेव. शेरा पुसला जाईल की नाही, हे माझ्या हातात नाही. विचारणे माझ्या हातात होते.

निघताना मी तुला तेरावा भाग पुन्हा सांगावयास लावला. माझ्या टिपणानुसार १९८५च्या आणि कालच्या सांगण्यात पुढील फरक पडले आहेत: जीपच्या जागी आता हेलिकॉप्टर आहे, आणि नायरबाबूंना फडात पकडण्यासाठी मिस थत्ते यांच्यासोबत शाळेच्या गणवेशातील एक मुलगी धावते. ती चौथी येत नाही. बाई पोलिसांत जाण्यापूर्वी बांधावर बसतात आणि नायरबाबूंना विचारतात, हेही नवे आहे. हा बदल तू केव्हा केलास हे मी विचारले नाही. सगळे विचारलेच पाहिजे असे नाही, इतके मलाही कळते.

ब्राह्मीने काल रात्री फोनवर विचारले, खरा शेवट कोणता, बाबा? तिने इंटरनेटवरचा पाहिलेला आहे, म्हणून चेष्टेने विचारत होती. मी तिला सांगितले की चोर गिरगावातून पळाला आणि कराडपर्यंत आला. भाग लांब होता. मग उसापासून पुढे सर्व सांगितले. एक वाक्य गाळले नाही.

पायरीवर बसल्याबद्दल, आणि सोमवारी बोलावल्याबद्दल, मनःपूर्वक आभारी आहे.

तुझा,
जयपाल देवगोंडा मगदूम
विश्रामबाग, सांगली
९ सप्टेंबर २०२५